उकंडामामांचा खरा आकडा

उकंडामामांना कुणी वय विचारलं की ते समोरच्यालाच विचारायचे, "तुले किती वाटते?" समोरच्यानं काही आकडा सांगितला की मान हलवायची, त्यानं आकडा बदलला की पुन्हा मान हलवायची. मतदारयादीच्या कामासाठी आमच्या शाळेतले एक सर त्यांच्या ओट्यावर गेले होते. भरपूर चहा पिऊन आणि बैलांच्या शिंगांबद्दल बरीच माहिती घेऊन ते परत आले, पण वयाचा रकाना कोराच होता. शेवटी सरांनी आधार कार्ड मागितलं. मामांनी ते दिलं, पण वर सांगितलं की यावरचा आकडा त्यांना कधीच मान्य नव्हता, सरकारनं तो एकतर्फी लावलाय.

ही सवय धंद्यातली. मामा बैलांचे दलाल. कारंज्याच्या बैलबाजारात त्यांची सगळी हयात गेली. विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे आणि मध्ये खांद्यावर दुपट्टा टाकलेले मामा. तिथं खरा भाव तोंडानं बोलायचा नाही. दुपट्टा हातावर टाकायचा, त्याखाली एकमेकांची बोटं धरायची आणि दाबून आकडा सांगायचा. भोवती माणसं दाटी करून उभी असतात, त्यांना नुसता दुपट्टा हलताना दिसतो, आत काय ठरलं ते कळत नाही. तोंडानं जो आकडा बोलला जातो तो फक्त सुरुवात करण्यापुरता. तो खरा धरणारा माणूस मामांच्या लेखी अर्धवट, आणि पहिल्या तोंडाला खरा आकडा सांगणारा तर पूर्ण वाया गेलेला.

बाजार सुटल्यावर बाकीचे दलाल माणसात यायचे, मामा यायचे नाहीत. घरी गोकर्णामामी विचारायच्या, भाकरी किती टाकू? मामा म्हणायचे, अर्धी. मामी तीन टाकायच्या. मामा तीन खायचे आणि ओट्यावर येऊन सांगायचे की बायको भाव फार चढवते. एसटीत कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं तर हे विचारायचे, गाडी कुठवर जाते? त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्यांना जन्मल्याबरोबर उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवून परत उचललं होतं, त्यावरून हे नाव पडलं. आमच्याकडं अशी नावं पुष्कळ आहेत. पण मामा सांगायचे की मायनं उचलताना नक्कीच घासाघीस केली असणार, त्याशिवाय आपल्याला हा गुण आला नसता.

आमच्या दोन घरांत एकच भिंत. त्यामुळे मला पाहायला शेलूबाजारहून मंडळी आली तेव्हा बाबांनी मामांनाही बोलावून घेतलं. मामांनी मुलाचं शिक्षण विचारलं नाही, शेती किती तेही विचारलं नाही. पाणी प्यायचं निमित्त करून त्याला मागच्या अंगणातल्या रांजणापर्यंत चालायला लावलं आणि आपण दारातून बघत राहिले. तो परत आल्यावर काहीतरी फालतू गोष्ट सांगून त्याला हसवलं, कारण दात पाहायचे होते. मंडळी गेल्यावर त्यांनी निकाल दिला. दात चांगले, खांदा भरलेला, स्वभावानं गरीब, मारका नाही, पण मागचा डावा पाय जरा ओढतो. बाबांनी त्यांना आठवण करून दिली की नवऱ्यामुलाला मागचे पाय नसतात. मामा म्हणाले, "मंग जो हाये तो वढते."

लग्न झालं. आमचे हे खरोखरच पाय ओढतात. लहानपणी बैलगाडीवरून पडले होते, ते सासूबाईंनी वर्षभरानं सांगितलं. पुढं ह्यांनी आमच्या गावात, कामरगावातच, औषधांचं दुकान टाकलं आणि मला इथल्या शाळेत बदली मिळाली, म्हणून मी पुन्हा मामांच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले. दुकानावरून जाताना मामा रोज ह्यांच्या पायाची चौकशी करायचे. हे बिचारे रोज, बरा आहे, असं सांगायचे.

मामांचं स्वतःचं दुखणं मात्र कुणाला कळलं नाही. कळणार कसं? विचारल्याशिवाय आकडा काढायचा नाही आणि विचारलं तरी खरा सांगायचा नाही. ते दुकानातून मलम न्यायचे, कधी कंबरेचा पट्टा न्यायचे, आणि ते सगळं एका पाहुण्यासाठी आहे असं सांगायचे. तो पाहुणा कधी दिसला नाही. मग लघवीचा त्रास सुरू झाला. रात्री ते अंथरुणावर न झोपता भिंतीला टेकून बसून राहू लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, गावात चोर फार झालेत, जागं राहावं लागतं. त्यांच्या घरात चोरण्यासारखं एक जुनं घंगाळ होतं आणि तेही गळकं.

शेवटी ह्यांनी त्यांना गाडीत घालून अमरावतीला नेलं. तपासण्या झाल्या. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि तो कंबरेच्या नि पाठीच्या हाडांत उतरलेला होता. तिथल्या डॉक्टरबाई वयानं तरुण, पण बोलायला सरळ. रोग मुळासकट जाणार नाही, त्यांनी सांगितलं, पण इंजेक्शनांनी त्याला धरून ठेवता येईल. मूळ गाठ आणि हाडातल्या दोन-चार जागा त्रास देताहेत, त्यांवर नेमका नेम धरून किरणं देऊ. म्हणजे कळ कमी होईल आणि पाठीचा कणा वाचेल. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं की हे मशीन नवं आहे का वापरलेलं, आणि वापरलेलं असेल तर आधीच्या धन्यानं का काढलं.

गोकर्णामामी शेजारी बसलेल्या होत्या. मामी म्हणजे मूठभर बाई. बोलणं कमी. मामांना ज्या खोलीत बोलावतील त्या खोलीत त्या आधीच जाऊन बसलेल्या असायच्या. त्यांनी एवढंच विचारलं की हे पुन्हा पाठीवर झोपू शकतील ना. डॉक्टरबाई म्हणाल्या, त्यासाठीच हे सगळं आहे.

मशीनआधीच्या तयारीत मामा खुशीत होते. अंगावर बारीक ठिपके गोंदले, म्हणजे रोज नेम तिथंच लागावा. बैलांवर डाग असतो तसा आपल्यावरही आला याचा त्यांना अभिमान वाटला. आता बाजारात हरवलो तरी कुणीही आणून देईल, असं त्यांनी सगळ्या कामरगावला शर्ट वर करून दाखवलं. मग एका पिशवीसारख्या गादीवर त्यांना निजवलं, आतली हवा काढली आणि ती त्यांच्या अंगाच्या आकाराची होऊन कडक बसली. त्या दिवशी ते दातओठ खाऊन कसेबसे पडून राहिले. उठल्यावर गादीकडं बघून म्हणाले की मामीला ही घरी ठेवायला द्या, म्हणजे मी बाजारात गेलो तरी घरी असल्यासारखं वाटेल.

पहिल्या पाळीला पाण्यानं घोळ घातला. किरणं देताना मूत्राशय भरलेलं असावं लागतं, त्यासाठी दवाखान्यात आल्यावर पाणी प्यायला सांगितलं होतं. मामांना वाटलं, सगळेच तिथं पितील, आपण घरूनच तयार होऊन जावं. कामरगावात एक तांब्या प्याले, वाटेत बडनेऱ्याला आणखी एक. पुढं रस्त्यावर गतिरोधक सुरू झाले आणि मामा गप्प झाले. थोड्या वेळानं त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि एका बाभळीमागं गेले. परत आले ते फार उदास होऊन, म्हणाले, सगळा माल रस्त्यात सांडला. दवाखान्यात पुन्हा पाणी प्याले तर त्यांच्या आधीच्या पेशंटला वेळ लागला. मामा एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभे. मशीनवाल्याला म्हणाले, "बाप्पा, आता तू मशीन चालू कर, नाही तं मी चालू होतो."

खरी अडचण त्यानंतर आली. टेबलावर घेण्याआधी डॉक्टरबाईंनी विचारलं की शून्य ते दहामध्ये सांगा, दुखतंय किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. मामा म्हणाले, दोन. बाईंनी दोन लिहिलं आणि त्या मानानं साधी गोळी दिली.

मामांना त्या गादीत निजवलं. घडीभरात त्यांची कंबर उचलली गेली. मशीनवाल्यानं बाहेरून माइकवर सांगितलं, मामा, हलू नका. मामा म्हणाले, मी नाही हललो, ते टेबल हललं. पुन्हा सरळ केलं, पुन्हा कंबर वाकडी झाली. आम्ही बाहेर बसलो होतो. आतून मामांचा आवाज येत होता आणि तो थट्टेचा नव्हता. मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मशीन बंद करून मामांना बाहेर आणलं तेव्हा त्यांचा चेहरा घामानं भिजला होता. मला त्यांच्याकडं बघवेना.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. हाडातली ती जागा मज्जारज्जूच्या अगदी शेजारी आहे. माणूस जरासा हलला तर किरणं नको तिथं पडतील, म्हणून हलणाऱ्या माणसाला हा उपचार देता येत नाही. पुढच्या वेळीही असंच झालं तर तो सोडून द्यावा लागेल. दुखणं दोनच आहे तर मामा असे का करतात, हे त्यांना समजत नव्हतं.

परत येताना गाडीत मी मामांना विचारलं की दोन काहून म्हटलं. मामा भडकलेच. त्यांचं म्हणणं असं की दोन ही बोलायची सुरुवात होती. बाईंनी म्हणायचं आठ, आपण म्हणायचं तीन, त्यांनी सात, असं करत कुठंतरी सहावर बसायचं. पण बाईंनी दोन ऐकलं, लिहिलं आणि निघून गेल्या. "एका बोलीत सौदा कराव काय? असं कुठी बोलणं असते?" मामांना दुखण्यापेक्षा याचं जास्त लागलं होतं. हे गाडी चालवता चालवता इतके हसले की मामांनी त्यांच्या पायावरून दोन शब्द सुनावले.

मी मामांना घरी पोचेपर्यंत शिकवलं. इथं बाजार नाही, खरा आकडा सांगायचा, बाई त्यावर औषध देतात. मामांनी मान हलवली. पुढच्या वेळी बाईंनी विचारल्याबरोबर मामांनी ठणकावून सांगितलं, पंधरा. बाई म्हणाल्या, दहाच्या वर नसतं. मामा म्हणाले, बरं, बारा. बाईंनी पेन खाली ठेवलं. मामांनी त्यांना जरा उत्तेजन द्यावं म्हणून सांगितलं, आता तुमी बोला.

माझ्या वर्गातल्या पोरांनी असं केलं असतं तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं. बाईंना मी दाराशी नेलं आणि सगळं सांगितलं. हा माणूस तोंडानं जे बोलेल ते खरं नसतं, त्याला खरं विचारायचं असेल तर दुपट्ट्याखाली विचारावं लागेल. एवढ्या शिकलेल्या बाईंना हे सांगताना मला लाज वाटली. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आत गेल्या, स्टूल मामांच्या पुढ्यात ओढलं आणि हात पुढं केला.

मामा एकदम ताठ बसले. आजारी माणूस कुठल्या कुठं गेला आणि बाजारातले मामा आले. त्यांनी बाईंना नियम समजावून दिला, एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला आणि दोघांच्या हातांवर टाकला. बाई हसत होत्या. दुपट्टा हलला. मामांनी एकदा मामींकडं पाहिलं. मामी भिंतीवरचं हृदयाचं चित्र पाहत होत्या. दुपट्टा पुन्हा हलला आणि बराच वेळ तसाच राहिला. बाईंचं हसू हळूहळू गेलं.

मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ठरलं मामा. दोन."

"दोनच," मामा म्हणाले.

मामींनी विचारलं, "दोन म्हंजे कमीच ना, बाई?"

"कमीच," बाई म्हणाल्या आणि कागदावर लिहायला लागल्या. नंतर बाहेर त्यांनी मला सांगितलं की मामांनी आधी पंजा दाबला, मग चार बोटं, म्हणजे नऊ. रात्रीचं विचारलं तेव्हा दोनदा अख्खा पंजा.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी समजत होते की म्हातारा खोडीनं घासाघीस करतोय. खोडी होतीच, पण सगळी खोडी नव्हती. प्रत्येक वेळी खोलीत मामी बसलेल्या असायच्या. दुपट्ट्याखालचा आकडा भोवती उभ्या असलेल्यांना ऐकू जात नाही, आणि मामांच्या भोवती उभं राहणारं माणूस एकच होतं. मला रडू आलं. मी दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये जाऊन उगाचच समोसे घेऊन आले.

बाईंनी औषध बदललं. दुखो न दुखो, ठरल्या वेळी घ्यायची जोराची गोळी आणि टेबलावर जाण्याआधी एक जादा. ह्यांनी मामांना सांगितलं की यात मॉर्फिन आहे, म्हणजे अफूतलंच. हे सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर मामांचा दरबार भरला. आपल्याला सरकारमान्य अफू लागू झाली, असं ते सांगत होते आणि गावातले दोन-तीन म्हातारे, ज्यांना काहीही झालेलं नव्हतं, ह्यांच्या दुकानात येऊन आपल्यालाही कंबर आहे असं सांगू लागले. त्या गोळीनं पोट मात्र घट्ट धरलं. त्यावर इसबगोल दिला. मामांचं म्हणणं पडलं की एक औषध दावं बांधते, दुसरं सोडते, मधात माझी ओढाताण.

पाळीच्या दिवशी आम्ही बाहेर बसून होतो. आतून काही आवाज येईना. मग आला. घोरण्याचा. मशीनवाला पडद्यावर बघत होता, त्यानं हात वर करून आम्हाला धीर दिला की कंबर जागेवरच आहे, खुशाल घोरू द्या. मशीन मामांभोवती फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. बऱ्याच दिवसांनी मामा पाठीवर पडून झोपले होते आणि तेही त्या मशीनखाली. उठवलं तेव्हा ते विचारू लागले की सुरू कधी होणार. झालं म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना, काही न बोलता सौदा होतोच कसा?

पाळ्या थोड्याच होत्या, त्या सगळ्या पार पडल्या. बाईंनी सांगून ठेवलं होतं की किरणांनंतर काही दिवस कळ वाढू शकते, घाबरू नका. तशी ती वाढली. त्यासाठीही गोळ्या लिहून दिलेल्या होत्या. मामा भिंतीपलीकडून मला ओरडून सांगायचे, वंदे, भाव चढला. मग काही दिवसांनी म्हणाले, उतरला. मग भावाचं बोलेनासेच झाले आणि एका सकाळी दुकानात जाऊन ह्यांना पुन्हा पायाची विचारपूस केली. हे घरी येऊन कितीतरी वेळ खुशीत होते.

मामांना त्यानंतर बरे म्हणावे असे महिने मिळाले. मग रोगानं दुसरीकडून डोकं काढलं. ते गेले तेव्हा मी लेकीच्या बाळंतपणाला पुण्यात होते. मामी फोनवर म्हणाल्या की झोपेतच गेले. म्हणून माझं शेवटचं पाहणं निघायच्या आदल्या दिवसाचं, भर दुपारचं. सांगून निघावं म्हणून मी पलीकडं गेले होते. अंगणात लिंबाखाली बाज टाकलेली होती आणि मामा तिच्यावर उताणे, पाय लांब करून, तोंड उघडं टाकून झोपले होते. मामी उशाशी खाली बसल्या होत्या. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मग हळूच म्हणाल्या, "रातभर भिंतीले टेकून बसत ना, तवा मी डोये मिटून पडून राहो. झोप कायची येते? पर मी जागी हावो असं दिसलं असतं, तं ते कन्हले बी नसते. थे दोन म्हनत, मी बी दोन म्हनो."

मी त्यांच्या शेजारी खाली बसले.

"त्यायले सांगू नको, पोरी," मामी म्हणाल्या. "त्यायले वाटते मले काई समजलं नाही."

सावली सरकली होती आणि ऊन मामांच्या पायांवर आलं होतं. मामी उठल्या, बाजेच्या त्या बाजूला जाऊन उन्हात उभ्या राहिल्या, आणि त्यांची सावली मामांच्या पायांवर पडली. मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता घरी आले.